धुण्याचे जुने यंत्र : दुरुस्त करावे की नवे घ्यावे ?

शाळेच्या वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे चारित्र्य, वक्तशीरपणा किंवा वाचनाची गोडी यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा प्रघात आहे. आणि आजवर आम्हीही तो निमूटपणे पाळीत आलो. यंदा संपादकांनी लेखाची मागणी केली तेव्हा मात्र आमचे चित्त दुसऱ्याच एका विषयाने व्यापले होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोरीच्या भिंतीला टेकून उभे असलेले जुने वॉशिंग मशीन बंद पडले, आणि ते दुरुस्त करावे की मोडीत काढून नवे आणावे, या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडले. विषय क्षुल्लक आहे, असे काही वाचक म्हणतील. प्रारंभी आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु ज्या प्रश्नाचा निकाल देताना आपण कोठे चुकलो हे ध्यानात यावयास तेवीस दिवस लागले, तो प्रश्न अगदीच क्षुल्लक म्हणवत नाही.

ज्यांनी मोहर्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे गावाविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या मते या प्रश्नाचे अर्धे उत्तर गावाच्या जागेतच आहे. चंद्रपुराहून पद्मापूर, आगरझरी या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर आले म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या तोंडाशी आमचे गाव लागते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारीचे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आता गावाचे घड्याळ पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांवर चालते. एका अंगास अरण्य आणि दुसऱ्या अंगास इरई धरणाचे पाणी. याच पाण्यावर चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र चालते. तथापि पावसाळ्यात एखाद्या सागाची फांदी तारेवर आली की आम्ही विजेच्या या माहेरघराशेजारी मेणबत्त्या लावून बसतो. किराणा, चहा, पर्यटकांच्या टोप्या आणि वाघाचे चित्र असलेले सदरे गावात मिळतात. यंत्राचा सुटा भाग हवा असेल तर चंद्रपूर गाठावे लागते, आणि दिवस मावळल्यावर त्या रस्त्याने दुचाकीवर परत येऊ नये, हे येथील लहान पोरासही कळते.

आमचे यंत्र २०११ च्या नाताळात घेतलेले, म्हणजे चौदा पावसाळे पाहिलेले. ते पूर्ण स्वयंचलित नाही. दोन टाक्यांचे, लोक ज्याला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात त्या जातीचे. एका टाकीत कपडे घुसळले जातात, दुसरीत जाळीच्या टोपलीत घालून गरगर फिरवून पिळले जातात. घुसळणारी मोटर बेल्टने गिअरबॉक्स फिरवते. पिळणारी मोटर मात्र थेट टोपलीखालीच बसविलेली असते, आणि टोपलीचा दांडा जेथून खाली उतरतो तेथे रबराचे एक सील असते. वयाबरोबर हे रबर कडक होते, चिरते, आणि साबणाचे पाणी थेंबाथेंबाने मोटरवर उतरू लागते. मोटर काही आठवडे कुरकुर करते आणि एके दिवशी जळक्या वासासकट गप्प होते. आमच्या येथे हेच घडले, आणि तेही जुलै महिन्यात. ज्यांना चांदा भागातील पावसाळा ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. या दिवसांत कपडे धुतले जाणे ही मोठी गोष्ट नसते. ते वाळणे ही मोठी गोष्ट असते. पिळणारी टाकी गेली म्हणजे यंत्राचा अर्धा भाग गेला असे नव्हे, तर त्या ऋतूपुरते सारेच यंत्र गेले.

तोपर्यंत त्याने आमच्याकडून फारसे काही मागितले नव्हते. चौदा वर्षांत बेल्ट दोनदा, कपॅसिटर एकदा आणि टायमर एकदा बदलला होता. एकदा उंदराने खालून शिरून तार कुरतडली, तेव्हापासून बुडाला जाळी ठोकली आहे. सांगाडा प्लास्टिकचा असल्यामुळे गंजाचा प्रश्न नाही. या पूर्वेतिहासावरून आमचा कल साहजिकच दुरुस्तीकडे होता.

विरुद्ध पक्षाकडेही शास्त्रार्थ होता. दुकानदार मंडळी दोन नियम सांगतात. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या अर्ध्या किमतीहून अधिक झाला तर नवे घ्यावे, हा पहिला. दहा वर्षे उलटून गेलेल्या यंत्रावर पैसा घालू नये, हा दुसरा. आमच्या बाबतीत या दोन नियमांचेच एकमेकांशी पटेना. मोटर दीड हजाराच्या घरात, सील दीड-दोनशेचे, मजुरी निराळी. नवे यंत्र दहा-बारा हजारांचे. पहिला नियम म्हणे दुरुस्त करा, दुसरा म्हणे टाका. आम्हांला तर हे दोन्ही नियम आळशी वाटतात. अर्धी किंमत ही रेषा कोणी आखली ? वय मोजून यंत्र टाकावयाचे, तर मग शाळेतील १०० वर्षांचे शिसवी टेबल प्रथम टाकले पाहिजे.

आमच्या एका सहशिक्षकांनी नव्या करारातील ठिगळाचा दृष्टांत काढला. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असे प्रभूंनी सांगितले आहे, मग जुन्या यंत्राला नवी मोटर कशी चालेल, असा त्यांचा प्रश्न. आम्ही त्यांस नम्रपणे विचारले की, तो दृष्टांत धुण्याचाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आहे काय ? कोरे कापड पाण्यात पडले की आटते आणि शेजारच्या जीर्ण वस्त्राला ओढून फाडते. दोष ठिगळाचा नाही, न आटविलेल्या ठिगळाचा आहे. आणि एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे यंत्रालाही लागू पडते. झिजलेल्या गिअरबॉक्सवर ताणलेला नवा बेल्ट चढविला तर उरलेले दातेही जातात. परंतु पिळणारी मोटर स्वतंत्र असते. तिचे ओझे दुसऱ्या कोणत्याही जीर्ण अवयवावर पडत नाही. म्हणून कोणता अवयव गेला आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. किमतीची गोष्ट त्यानंतरची.

शेजारच्या एका गृहस्थांचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. त्यांनी पर्यटकांसाठी घरातच चार खोल्या चालविल्या आहेत. मंगळवारी ताडोबाची सफारी बंद, म्हणून त्या दिवशी चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांचा डोंगर धुवावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्याकडे पाच वर्षांचे पूर्ण स्वयंचलित यंत्र होते. विजेच्या एका उसळीत त्यातील इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळला. त्यांनी तो बदलला. आठ महिन्यांत नवाही जळला. यंत्राची टाकी आतून रुप्यासारखी चकचकीत होती, मोटर धडधाकट होती, तरी त्यांनी ते विकून टाकले, आणि आमच्या मते त्यांचे बरोबर होते. तिसरा बोर्ड चौथ्याला निमंत्रण देणार हे उघड होते, कारण रोग यंत्रात नव्हता, विजेत होता. गंमत अशी की, त्यांनी नवे आणले ते स्वस्तातले, दोन टाक्यांचे, बटणे फिरवावयाचे. त्यात जळावयास बोर्डच नाही. जुने आणि नवे यांतील निवड म्हणजे नेहमी मागासलेपणा आणि प्रगती यांतील निवड नसते, हे आम्ही त्यांच्या ओसरीवर बसून शिकलो.

नव्याच्या बाजूने सांगितला जाणारा आणखी एक मुद्दा वीज वाचण्याचा. हा मुद्दा आपल्याकडे परदेशातून जसाच्या तसा आला आहे. युरोपातील यंत्रे पाणी तापवून कपडे धुतात, आणि त्यांच्या विजेचा मोठा भाग त्या तापविण्यातच खर्च होतो. तेथे जुने जाऊन नवे काटकसरी यंत्र आले तर बिलात फरक पडतो. आपण थंड पाण्यात धुतो. आमच्यासारख्या यंत्राला एका खेपेस पाव युनिटदेखील लागत नाही. महिन्यात वीस खेपा धरल्या तरी पाच युनिटांच्या आतच हिशेब. नव्या यंत्राने यातील निम्मी वीज वाचविली, तरी तेवढ्यावर त्याची किंमत फिटावयास आमचे सेवानिवृत्तीचे वय उलटून जाईल. पाण्याचा मुद्दा निराळा आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा येथे पाण्याचा प्रत्येक हंडा मोजावा लागतो. तोंड पुढे असलेली यंत्रे पाणी कमी घेतात हे खरे. परंतु दोन टाक्यांच्या यंत्रात पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांस वापरता येते, आणि खळबळल्याचे पाणी झाडांना घालता येते. नळ सोडून खळबळणाऱ्यास मात्र यंत्र कोणतेही असो, काही उपयोग नाही.

असा सर्व बाजूंनी विचार करून आम्ही दुरुस्तीचा निकाल दिला. निकाल योग्य होता, असे आम्ही आजही म्हणतो. चूक त्यापुढे झाली.

जळालेली मोटर काढून ती चंद्रपुरास एका दुकानी तार बांधून घ्यावी, म्हणजे नव्या मोटरच्या निम्म्यात काम होईल, असे आमच्या मनाने घेतले. शेतीच्या पंपांच्या मोटरी आमच्या भागात वर्षानुवर्षे अशाच पुन्हा बांधून चालतात. पण पंपाची मोटर मोठी, तांब्याच्या तारेची. वॉशिंग मशीनच्या स्वस्त मोटरीत पुष्कळदा ॲल्युमिनियमची तार असते, आणि एवढीशी मोटर हाताने बांधावयास जो वेळ लागतो त्याचे मोल कारागिराला परवडत नाही. तो ती नेहमी मागे सारतो, आणि त्याला दोष देता येत नाही. शनिवारी मोटर दिली. पुढच्या शनिवारी ती तयार नव्हती. त्यापुढच्या आठवड्यात पावसाने रस्ता धरला. शेवटी हाती आली तेव्हा बसविल्यावर दोन दिवस फिरली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. सीलही बदलावयाचे असते, हे आमच्या गावी नव्हते. नवी बांधलेली मोटर जुन्या पाण्याखाली आम्ही आपल्या हातांनी नेऊन बसविली होती. सातशे रुपये वाचविण्याच्या या खटाटोपात पेट्रोल आणि मजुरी मिळून त्याहून अधिक गेले. पण ते जाऊ द्या. पैशांचा हिशेब आम्हांस लगेच कळला. दुसरा हिशेब कळावयास वेळ लागला.

ऑगस्टमध्ये दहावीची पहिली घटक चाचणी झाली. आमची कन्या त्याच वर्गात आहे. तिची भूमितीची उत्तरपत्रिका पाहून आम्ही तिला बोलावून घेतले आणि पहाटेच्या अभ्यासाचे काय झाले, असे काहीशा शिक्षकी आवाजात विचारले. तिने खाली मान घातली. उत्तर तिच्या आईने दिले. त्यांचे मनगट पूर्वी एकदा दुखावलेले आहे. ओली चादर किंवा जाड पँट त्यांना एकटीला पिळवत नाही. गेले तीन आठवडे पहाटे पाचपासून सहापर्यंत मायलेकी मोरीत दोन टोके धरून कपडे पिळीत होत्या, कारण आम्हांला आणि धाकट्या मुलाला शाळेत इस्त्रीचा गणवेश लागतो. "काटकसर तुमची, आणि पिळणे आमचे," एवढेच त्या बोलल्या. त्याच घरात, त्याच वेळी, आम्ही दुसऱ्या खोलीत दिवा लावून इतर मुलांच्या वह्या तपासत होतो. पाण्याचा आवाज येत होता. त्या आवाजाचा अर्थ आम्ही तेवीस दिवस लावला नाही.

स्वीडनचे वैद्यकशास्त्रज्ञ हान्स रोसलिंग यांचे २०१० सालचे एक व्याख्यान याच यंत्रावर आहे. त्यांच्या लहानपणी घरात पहिले वॉशिंग मशीन आले तेव्हा आजीने बटण दाबण्याचा मान मागून घेतला आणि सबंध धुणे होईपर्यंत ती यंत्रासमोर बसून राहिली. कारण तिने जन्मभर चुलीवर पाणी तापवून हाताने धुतले होते. आणि आई ? यंत्र भरून झाल्यावर ती मुलाला घेऊन ग्रंथालयात गेली. यंत्राने कपडे घेतले आणि पुस्तके दिली, असा त्या व्याख्यानाचा रोख आहे. आम्ही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितलेली आहे. आपल्या घरी तीच गोष्ट उलट्या दिशेने चालू असल्याचे मात्र दिसले नाही.

जुन्या वस्तूंना जपण्याची थोरवी आपल्या विदर्भास कोणी शिकवावयास नको. वरठी समाजाची कुटुंबे नदीच्या धोंड्यावर गावाचे कपडे धूत, ते दिवस पाहिलेली माणसे अजून आहेत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले संत गाडगेबाबा चिंध्यांचे वस्त्र पांघरत आणि फुटक्या गाडग्यात खात. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. ठिगळाला त्यांनी जो मान मिळवून दिला तो कोणत्याही श्रीमंताच्या भरजरी शेल्याला लाभला नाही. पण त्या चिंध्या बाबांच्या स्वतःच्या अंगावर होत्या. आमची काटकसर आमच्या अंगावर नव्हती. ती ज्यांच्या मनगटांवर होती, त्यांना आम्ही निकाल सांगितला होता, विचारले नव्हते.

म्हणून या प्रश्नात एक रकाना हवा, जो दुकानदारांच्या दोन्ही नियमांत नाही : यंत्र किती दिवस बंद राहणार, आणि ते दिवस कोणाच्या हातांनी भरून निघणार ? हा रकाना मांडला की हिशेब पालटतो. दुसऱ्याच दिवशी नवे यंत्र आणले असते, तर ते आमच्या तेवीस दिवसांच्या दुरुस्तीपेक्षा निःसंशय शहाणपणाचे ठरले असते, जरी पैसे चौपट गेले असते. आणि तिसऱ्या दिवशी बाजारातील तयार मोटर सीलसकट बसविली असती, तर ते नव्या यंत्राहूनही शहाणपणाचे झाले असते. दुरुस्ती चांगली की खरेदी, असे मोघम विचारण्यात अर्थ नाही. लवकर होणारी दुरुस्ती चांगली. रेंगाळणारी दुरुस्ती खरेदीहून महाग. आणि ती लवकर होईल की रेंगाळेल, हे दुरुस्त करणारा हात किती जवळ आहे यावर अवलंबून.

तो हात किती जवळ होता हे सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. चोविसाव्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी सहज घरी आला. तो जिप्सी चालवितो. जुलैपासून सप्टेंबरअखेर अरण्याचा गाभा पर्यटकांस बंद असतो, आणि त्या तीन महिन्यांत तो गावोगावच्या मोटरी, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. आयटीआयमध्ये हे काम तो शिकला आहे. आमच्या घरापासून चार घरे सोडून त्याचे घर. त्याने यंत्र आडवे केले, सीलवर बोट फिरवले आणि म्हणाला, "सर, मोटर आपल्या मौतीनं नाही मेली जी. ह्या सीलनं मारली तिला." दुसऱ्या दिवशी त्याने भाग आणले आणि दीड तासात यंत्र फिरू लागले. पाच वर्षे आम्ही त्याला मराठी शिकविले. व्याकरणात तो कच्चा होता म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही जे शेरे लिहिले ते आम्हांला आठवतात. त्याच्या बोटांत काय आहे, हे विचारण्याचे त्या पाच वर्षांत आम्हांला सुचले नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९०३ साली लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, हा इतिहास आपण पाठ्यपुस्तकातून शिकवितो. पण त्यातील पहिल्या दुकानाशी आपण फार वेळ थांबत नाही. थेट कारखान्यावर जातो. दुसऱ्याने केलेले यंत्र उघडून पाहणारा हातच पुढे स्वतःचे यंत्र करतो, हे मुलांना कळावयाचे असेल तर शाळेत एखादे यंत्र उघडलेले दिसले पाहिजे.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा अलीकडे सरकारदरबारीही चालू आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग निदान दहा वर्षे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे संकेतस्थळ उघडले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरी दोन गोष्टी आम्हांस सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, कंपनीवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वाढलेली व्हिडिओकॉन कंपनी एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परंतु दोन टाक्यांच्या यंत्राचा बेल्ट, कपॅसिटर, टायमर, मोटर हे बहुतेक भाग कोणत्याही कंपनीच्या छापाशिवाय बाजारात मिळतात, म्हणून कंपनी बुडाली तरी असली यंत्रे बुडत नाहीत. यंत्र विकत घेतानाच हे पाहावे. दुसरी गोष्ट, कागदावरील हक्क मोहर्लीपर्यंत पोहोचावयाचा तर तो कोणाच्या तरी पान्यातूनच पोहोचेल. भाग दहा वर्षे मिळाला, पण बसविणारा तीस किलोमीटरांवर असला, तर मनगटे दुखणारच.

मोडीत काढलेल्या यंत्राचे पुढे काय होते, हाही प्रश्न आहेच. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीनचा समावेश आहे, आणि त्याच्या शास्त्रशुद्ध पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण गावात सायकलवर येणारा भंगारवाला हा नियमांच्या आधीपासूनचा. लोखंड व मोटर तो नेतो. प्लास्टिकची टाकी कोठे तरी नाल्याकाठी राहते, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या तर तो काळा धूर अरण्याच्या कडेवर पसरतो. शेजाऱ्यांचे यंत्र गेले तेव्हा आम्ही त्यांना एवढेच सुचविले की, नवे घेताना जुने त्याच दुकानात द्यावे, म्हणजे निदान ते गावाबाहेर एकसंध जाईल. त्यांनी तसे केले. त्याबद्दल मिळालेली सूट फारच थोडी होती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आमच्या घरी आता तह झाला आहे. त्याच्या अटी पत्नींनी घातल्या आणि आम्ही मान्य केल्या. यंत्र पुन्हा बंद पडले तर तीन दिवसांची मुदत. चौथ्या दिवशी दुकानात जावयाचे, आणि त्या तीन दिवसांत कपडे आम्ही पिळावयाचे. गिअरबॉक्स गेला किंवा टाकीला तडा गेला तर मुदतही नाही. कपाटाच्या खालच्या खणात एक बेल्ट, एक सील आणि एक कपॅसिटर आणून ठेवला आहे. तिन्ही मिळून एका चांगल्या पुस्तकाची किंमत पडली.

शाळेतही थोडे केले आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने पावसाळ्यातील चार शनिवार नववीच्या मुलामुलींना प्रयोगशाळेत दिले. एका भंगारातील यंत्रावर त्यांनी बेल्ट चढविला, उतरविला, सील ओळखले. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावयाचा, आणि प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते म्हणून ती आधी उतरवून घ्यावयाची, हे त्याने इतक्या वेळा म्हणवून घेतले की आमचे पाढेही मुलांनी इतके म्हटले नसतील. मुलींनी बेल्ट अधिक लवकर बसविला, असे त्याचे मत पडले. पुढील वर्षी हा वर्ग जुलैतच चालू करावा, कारण ऑक्टोबर लागला की तो गाडीवर जातो. मुख्याध्यापकांकडे तसा अर्ज आम्ही केला आहे.

यंत्र सध्या चालते आहे. एक पाय किंचित आखूड झाल्यामुळे त्याखाली कवेलूचा तुकडा ठेवावा लागतो, आणि पिळताना ते अजूनही थोडे पुढे सरकते. कन्या पहाटे पाचला उठते. आता मोरीत दिवा नसतो.